पेशंटला बसवलं कोणी? स्पायनलच्या मूल्यमापनाचं एक प्रकरण

फोन आला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी रिक्षात, नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत अडकले होते. आमची दुसऱ्या वर्षाची एक रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर, तीन महिन्यांच्या डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीवर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात गेली होती. फोन तिथल्या भूलतज्ज्ञांचा होता. "मॅडम, काळजीचं काही नाही, आई-बाळ दोघं छान आहेत," हे त्यांनी आधी सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या मुलीचा हात चांगला आहे हो. पण ती पाठ बघते, पेशंट बघत नाही."

हे वाक्य नीट उमजायला मला पुढचे चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आम्ही जे तपासलं, जिथे चुकलो आणि जे बदललं, ते इथे लिहिते आहे. मी नाशिकमध्ये भूलशास्त्र शिकवते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे, त्यामुळे परीक्षा, परीक्षक, मूल्यमापन हे शब्द आमच्या कानांवर रोजचे आहेत. तरीही एखाद्या डॉक्टरला एखादी गोष्ट हातानं करता येते की नाही हे आपण ठरवतो कशावरून, हा प्रश्न मला या प्रकरणाआधी इतका टोचला नव्हता. रेसिडेंटच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या दुपारचं सिझर

पेशंट सव्वीस वर्षांची, दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर झालेलं. कळा सुरू झाल्या होत्या आणि पुन्हा सिझर करायचं ठरलं होतं. बाळाचे ठोके नीट होते, म्हणजे जिवाच्या घाईची वेळ नव्हती. बाईची उंची कमी, वजन ऐंशीच्या आसपास.

स्पायनल म्हणजे कमरेच्या दोन मणक्यांमधल्या फटीतून बारीक सुई आत नेऊन मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात भुलीचं औषध सोडणं. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, म्हणून सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून जाते. ही फट उघडते ती पाठ वाकली तरच. गरोदर बाईला वाकायला पोट आड येतं, कमरेचा बाक आत गेलेला असतो, आणि वर दर तीन-चार मिनिटांनी कळ.

त्या टेबलावरची गादी जाड आणि मऊ होती. पायाखाली घ्यायला स्टूल नव्हतं, पाय लोंबकळत होते. धरायला उभा असलेला मुलगा कामाला लागून महिना झाला होता. त्यानं बाईचे दोन्ही खांदे घट्ट धरले होते. बाई डावीकडे कलली होती. आमच्या रेसिडेंटनं हात धुतले, गाऊन-ग्लोव्हज चढवले, बीटाडीननं पाठ स्वच्छ केली, टॉवेल लावला, कमरेची हाडं चाचपून जागा ठरवली, लिग्नोकेननं ती बधिर केली आणि २५ नंबरची सुई घातली. हाड लागलं. सुई मागे घेऊन डोक्याकडे वळवली. पुन्हा हाड. बाहेर काढून शेजारी घातली, हाड. तिसऱ्यांदा एक फट वर गेली आणि तिथेही हाडच. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या त्या डॉक्टरांनी तिला थांबवलं.

त्यांनी सुई हातात घेतली नाही. टॉवेल काढायला लावला. लेबर रूममधून स्टूल आणवलं, बाईचे दोन्ही पाय त्यावर टेकवले. तिला टेबलाच्या कडेशी सरकवून दोन्ही बाजूंचं वजन सारखं केलं, मांडीवर उशी दिली आणि सांगितलं, "कळ आली की सांगायचं ताई, ती गेल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही." एक कळ येऊन गेली. मग रेसिडेंटलाच पुन्हा हात धुऊन यायला सांगितलं. पाठ पुन्हा स्वच्छ झाली, नवी सुई आली. या चौथ्या टोचणीला सीएसएफचा, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा, स्वच्छ थेंब दिसला. दोन मिली हेवी, म्हणजे त्या पाण्याहून जड असलेलं भुलीचं औषध, गेलं, बधिरपणा छातीपर्यंत चढला, सिझर सुरळीत पार पडलं.

वैद्यकीय भाषेत यात 'गुंतागुंत' काहीच झाली नाही. पण चार वेळा टोचून घेतलेली ती बाई, जिला मी कधी पाहिलं नाही, हे लिहिताना सारखी माझ्या डोळ्यांपुढे येते.

कागदावर सगळं ठीक होतं

दुसऱ्या दिवशी विभागात विषय निघाला तेव्हा बहुतेकांचं मत एकच होतं. नवी जागा, नवी माणसं, अवघड पाठ, एखादा दिवस वाईट जातो. हे खरंही असू शकत होतं. मी तिचं लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही, काढलं.

डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीवर जाण्याआधी तिनं ११८ स्पायनल नोंदवले होते. त्यातल्या ९६ पुढे 'स्वतः केलं' अशी नोंद आणि शेजारी आमच्यापैकी कुणाची तरी सही. तारीख, पेशंटचा नोंदणी क्रमांक, शस्त्रक्रियेचं नाव आणि पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं की स्वतः केलं, इतके रकाने. किती वेळा टोचलं, याला रकाना नव्हता. कुणी मध्येच काही सांगितलं का, यालाही नव्हता. एका पानावर ओळीनं नऊ सह्या माझ्या होत्या, एकाच शाईच्या, एकाच बैठकीत केलेल्या. महिनाअखेरीला रेसिडेंट वह्या घेऊन रांगेत उभे असतात आणि आपण चहा घेता घेता सह्या करतो. त्या नऊपैकी एकही स्पायनल मला आठवत नव्हता.

किती केले म्हणजे 'आलं' म्हणायचं, हा आमच्या शास्त्रातला जुना प्रश्न आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात घशात नळी घालण्यासाठी ९० टक्के यशाची पातळी गाठायला नवशिक्यांना सरासरी ५७ प्रयत्न लागले होते; स्पायनलला त्याहून अधिक. असे आकडे एकदा वाचले की डोक्यात घर करतात. शंभर झाले म्हणजे झालं, असं आपण म्हणत नाही, पण वागतो तसंच.

आकड्यापलीकडचंही काही आम्ही केलं होतं, हे नमूद करायला हवं. तिच्या पहिल्या साठ स्पायनलचा क्यूसम आलेख आम्ही काढला होता. १९५४ मध्ये पेज या संख्याशास्त्रज्ञानं मांडलेली ही पद्धत मुळात कारखान्यातल्या मालाचा दर्जा पाहण्यासाठीची. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत क्वालिटीला काम केलेल्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही. प्रत्येक यशाला रेघ थोडी खाली येते, प्रत्येक अपयशाला बरीच वर उडी मारते. रेघ ठरलेल्या मर्यादेखाली राहिली तर काम समाधानकारक. हिची रेघ चाळिसाव्या केसपासून छान उतरत गेली होती.

डॉप्सचे सहा फॉर्मही होते. डॉप्स म्हणजे रेसिडेंट प्रत्यक्ष पेशंटवर काम करत असताना बघून केलेलं मूल्यमापन. शरीररचनेचं ज्ञान, संमती, पूर्वतयारी, निर्जंतुकता, हाताचं कौशल्य, गरजेला मदत मागणं, पेशंटशी बोलणं, नंतरची काळजी, अशा एकेका ओळीपुढे गुण. सहाही फॉर्मवर 'अपेक्षेप्रमाणे' किंवा 'अपेक्षेहून वरचढ'. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड आम्ही रेसिडेंटना पहिल्याच महिन्यात शिकवतो. माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवता येणं आणि शेवटी रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. कागदांवरून ही मुलगी शिखरावर होती.

लॉगबुक, आलेख, फॉर्म, तिन्ही खोटे नव्हते. तरी चार टोचण्या झाल्या होत्या.

तोंड बंद ठेवून बघणं

ती परत आल्यावर मी तिच्याशी बोलले. तिला वाटलं, तिच्यावर ठपका येणार. मी सांगितलं की तपासायचं आहे ते आमचं बघणं, आणि त्यासाठी तिची मदत हवी आहे. ती तयार झाली. तिच्या जागी दुसऱ्या वर्षाला मी असते तर इतक्या सहज झाले असते असं वाटत नाही.

नियम असे ठरले. फक्त आधी ठरलेल्या, घाई नसलेल्या शस्त्रक्रिया. पेशंटला आधी सांगून त्याची संमती. दोन मूल्यमापक, दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, आपसात बोलायचं नाही. मूल्यमापकानं पेशंट टेबलावर यायच्या आधीपासून खोलीत उभं राहायचं आणि बधिरपणा कुठवर चढला ते तपासून होईपर्यंत हलायचं नाही. मधल्या काळात एक शब्दही बोलायचा नाही. पायात झिणझिणी किंवा कळ गेल्याचं पेशंट म्हणाला, निर्जंतुकता मोडली किंवा दुसऱ्या टोचणीनंतरही जागा मिळाली नाही, तर तिथेच थांबवायचं आणि ग्लोव्हज घालून तयार असलेल्या सीनियरनं पुढचं करायचं. पेशंट हा परीक्षेचं सामान नव्हे, म्हणून हा शेवटचा नियम आम्ही सगळ्यांत आधी लिहिला होता.

पेशंट यायच्या आधीपासून उभं राहायचं, ही अट मी सहज घातली होती. सगळं उलगडलं ते तिच्यामुळेच.

पहिल्या दिवशी आमचे ओटीतले, म्हणजे शस्त्रक्रियागृहातले, मदतनीस मामा होते. पेठ तालुक्यातले, वीस-बावीस वर्षं याच ओटीत. मी त्यांना शेकडो वेळा पाहिलं असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सुरगाण्याकडची एक बाई ठरलेल्या सिझरसाठी आली होती, घाबरलेली. मामांनी टेबल खाली घेतलं, पायानंच स्टूल सरकवून आणलं, तिला कडेशी बसवलं. बोलले तिच्याच कोकणा बोलीत, हळू. मग दोन पावलं मागे जाऊन खांदे सारखे आहेत का ते नजरेनं तपासलं. उजवी बाजू खाली गेली होती, तिथे घडी घातलेली चादर सारली. मांडीवर उशी. हनुवटी छातीला लावून तिचं कपाळ स्वतःच्या खांद्यावर घेतलं, एक तळवा मानेमागे, दुसरा तिच्या कोपराखाली. मग थांबले. तिचा श्वास सैल झाला, खांदे उतरले, आणि कंबर अक्षरशः उमलल्यासारखी मागे आली. हे सगळं दीड मिनिटात.

आमची रेसिडेंट तेव्हा हात धुवत होती. ती आली, वळली, समोर तयार पाठ. एका टोचणीत थेंब.

त्या दीड मिनिटात मी आजवर कधीच खोलीत नसायचे. डॉप्सचा फॉर्म घेऊन आम्ही आत यायचो तेव्हा पाठ स्वच्छ करणं सुरू झालेलं असायचं.

तिसऱ्या दिवशी मामांची सुट्टी होती. पेशंट हर्नियाचे, निफाडकडचे पन्नाशीतले द्राक्षबागायतदार, छाटणीत जन्म गेलेला, पाठ ताठ. नवा मुलगा धरायला. त्यानं पेशंटला टेबलाच्या मधोमध बसवलं, त्यामुळे मांड्या अर्ध्याच टेकल्या आणि कंबर मागे यायच्या ऐवजी आत गेली. रेसिडेंट हात धुऊन आली, पाठीमागे उभी राहिली, "काका, वाका जरा" म्हणाली आणि थेट हाडं चाचपायला लागली. सुई घातली, हाड. वळवली, हाड. काका डावीकडे झुकले होते. तिची सुई पाठीला काटकोनात होती, पण मणक्यांच्या रेषेत नव्हती.

माझ्या ओठांवर शब्द आला होता, "थोडं उजवीकडे." नियमामुळे गिळला. आणि त्या क्षणी लक्षात आलं की हा शब्द मी रोज उच्चारते. 'थोडं वर घे', 'मध्यरेषा बघ', 'खांदा बघ त्यांचा'. इतक्या सवयीनं, की नंतर 'स्वतः केलं' या रकान्यापुढे सही करताना तो मला आठवतही नाही. तिचे मागचे ९६ स्पायनल मामांच्या हातांवर उभे होते, आणि उरलेला भार आमच्या जिभेवर.

दुसऱ्या टोचणीनंतर मी थांबवलं. सीनियरनी काकांना कडेशी घेऊन पाय टेकवले आणि केलं. काकांना सगळं समजावून सांगितलं, माफी मागितली. "होतं मॅडम, छाटणी शिकतानाही पहिल्या वर्षी वेल खराब होतात," असं ते म्हणाले. त्यांच्या मोठेपणानं मला अधिकच संकोचल्यासारखं झालं, कारण पाठ म्हणजे वेल नव्हे.

बाहेर चहाच्या खोलीत रेसिडेंट बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, मला कधी बसवावंच लागलं नाही. पाठ मिळते तशी घेते मी."

मामांना माहीत होतं

मी मामांना विचारलं तेव्हा त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मॅडम, बसवायचं काम आमचं. त्यांना कुणी सांगितलंच नाही की तुमचं आहे म्हणून." मग थोड्या वेळानं, स्वतःहून: "काही डॉक्टर सुई घालण्याआधी पुढं येऊन पेशंटचं तोंड बघून जातात. त्यांचं बरोबर लागतं."

वीस वर्षं आमचे रेसिडेंट या माणसाच्या खांद्यावर शिकले. कोण पेशंटचं तोंड बघतं आणि कोण नाही, याचा हिशोब त्यांच्याकडे होता. आमच्या कुठल्याच फॉर्मवर नव्हता. त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते इथे लिहून ठेवावंसं वाटतं.

बसवणं ही सुईच्या आधीची किरकोळ बाब नाही, हे शास्त्रातही आहेच. पेशंटला कुशीवर घेतलं तर बाईचे नितंब खांद्यांपेक्षा रुंद असल्यानं कणा डोक्याच्या बाजूला उतरता होतो, पुरुषात बहुधा उलट. मग हेवी औषध कुठे वाहत जाईल तेही बदलतं. गरोदरपणात कमरेच्या हाडांना जोडणारी रेषा मणक्यावर नेहमीपेक्षा वर पडते. आणि फट नेमकी कोणती, हे नुसत्या हातानं ओळखणं अनुभवी लोकांनाही किती अवघड जातं ते २००० साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. भूलतज्ज्ञांनी चाचपून सांगितलेली फट एमआरआयशी ताडली तेव्हा ती फक्त २९ टक्के वेळा बरोबर निघाली, आणि निम्म्याहून अधिक वेळा खरी जागा त्यांना वाटत होती त्यापेक्षा वर होती. पाठ वाकडी बसलेली असेल तर हा अंदाज सुधारणार तर नाहीच. त्या दुपारी आमच्या रेसिडेंटनं तिसऱ्या वेळी 'एक फट वर' जाणं मला म्हणूनच सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं. हाड लागलं तर वर सरकायचं, ही सवय मज्जारज्जूच्या दिशेनं नेणारी आहे.

एक आठवडा समोरच्या बाजूला

सुधारणेसाठी पहिली सूचना आली ती बाहुल्यावर आणखी सराव करवण्याची. बाहुला कलत नाही, घाबरत नाही, त्याला कळा येत नाहीत, म्हणून मी ती बाजूला ठेवली. त्याऐवजी तिला एक आठवडा सुईपासून दूर केलं आणि मामांच्या हाताखाली दिलं. दुसरे रेसिडेंट स्पायनल देतील, ही फक्त पेशंटला बसवेल आणि धरेल.

पहिल्या दोन दिवशी तिला ते शिक्षा वाटलं असावं; चेहऱ्यावर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मला जिन्यात भेटली आणि भराभरा सांगायला लागली. सुई हाडाला लागते तेव्हा पेशंटच्या कपाळातून ते आपल्या खांद्याला कळतं. 'आता टोचतंय' हे सांगितलं नाही तर पाठ आत ओढली जाते आणि मिळालेली फट मिटते. कळ येण्याआधी बाईची बोटं आवळली जातात. ती सैल झाली की किमान दोन मिनिटं मिळतात. "मॅडम, मागून यातलं काहीच दिसत नाही."

आठवड्यात तिनं एकोणीस पेशंट धरले. ती मूळची लातूरकडची. मामांकडून तिनं चार-सहा वाक्यं कोकणा बोलीतली शिकून घेतली. घाबरू नको, पाय टेकव, कळ आली की सांग. माझ्या मते या चार-सहा वाक्यांना 'पेशंटशी संवाद' या ओळीत गुण देण्याइतकंच 'हाताचं कौशल्य' या ओळीतही स्थान आहे, कारण त्यांच्याशिवाय त्या पेशंटची पाठ उघडतच नाही. एका दुपारी अल्ट्रासाऊंडचा प्रोब कमरेवर ठेवून मणक्यांमधली फट वाकल्यावर किती मोठी होते तेही तिनं पडद्यावर पाहून घेतलं.

फॉर्म आणि त्यावरचे वाद

आमचा डॉप्सचा फॉर्म आता वेगळा सुरू होतो. पहिली ओळ: पेशंटला कोणी बसवलं किंवा कुशीवर घेतलं? दुसरी: मूल्यमापक तोंडी काय बोलला, शब्दशः. तिसरी: त्वचेवर किती टोचण्या, आणि एका टोचणीत सुई किती वेळा वळवली. गुणांची भाषाही बदलली. 'अपेक्षेप्रमाणे' म्हणजे कुणाच्या अपेक्षेप्रमाणे, हे कधीच स्पष्ट नव्हतं. आता शेवटचा प्रश्न असा आहे: पुढचा असाच पेशंट असेल तर तुम्ही कुठे असायला हवं? हाताशी, खोलीत, शेजारच्या खोलीत की फोनवर? भरवसा किती टाकता येईल याभोवती मूल्यमापन बांधण्याचा विचार नेदरलँड्सच्या टेन केट यांनी २००५ मध्ये मांडला. तो वाचलेला होता, पण त्याची गरज मला या प्रकरणात कळली. या प्रश्नाला उत्तर देताना माणूस खरं बोलतो, कारण रात्री दोनला फोन त्यालाच येणार असतो.

वाद झाले आणि अजून चालू आहेत. हर्नियाच्या त्या पेशंटच्या वेळी माझ्या सहकाऱ्यानं हाताच्या कौशल्याला सहापैकी पाच दिले होते, मी दोन. त्यांचं म्हणणं, सुई धरणं, आधार देणं, हाड लागल्यावर मागे घेऊन वळवणं, सगळं निर्दोष होतं. बसवणं वेगळ्या ओळीत मोजा. माझं म्हणणं, वाकड्या पाठीत निर्दोष सुई घालणं हे कौशल्य नव्हे. यावर आमचं एकमत झालेलं नाही, आणि कदाचित त्यांचा मुद्दा माझ्यापेक्षा न्याय्य असेल: कुठे काय कमी आहे ते वेगळं दिसलं तरच शिकवता येतं. एवढं मात्र दोघांना पटलं की एका मूल्यमापकाच्या एका दिवसाच्या गुणांवर कुणाचंही काही ठरवू नये.

वेळेची अडचण खरी आहे. चौदा केसची यादी लागलेली असताना सर्जन घड्याळ बघतात, आणि पेशंट येण्याआधीपासून हात बांधून गप्प उभं राहणारा सीनियर कुणाला परवडत नाही. आम्ही प्रत्येक रेसिडेंटचे आठवड्याला दोनच केस असे बघतो. बाकीचे पूर्वीसारखेच, बोलत, सांगत, मदत करत. शिकवताना बोलायलाच हवं; फक्त त्या दिवशीच्या नोंदीत 'स्वतः केलं' लिहायचं नाही.

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. घशात नळी घालताना आमच्या सिस्टर न सांगता गळ्यावर बाहेरून नेमका दाब देतात आणि स्वरतंतू समोर येतात. तिथे काय मोजतो आहोत आपण? ते अजून आम्ही उघडलेलं नाही.

पावसाळ्यातली एक रात्र

ती तिसऱ्या वर्षाला गेल्यावरची ही नोंद. रात्री एक वाजता हरसूलकडून घाटातून आलेली बाई, पहिलटकरीण, बाळ अडलेलं, पण ठोके नीट. मामा रात्रपाळीला होते, तरी रेसिडेंटनं त्यांना बाजूला थांबायला सांगितलं आणि धरायला नव्या मुलाला घेतलं. हात धुवायच्या आधी ती पुढे गेली. पाय टेकवले, चादर सारली, त्या मुलाचे हात धरून कुठे ठेवायचे ते दाखवलं, बाईच्या तोंडाकडे बघत दोन वाक्यं बोलली. मग हात धुतले.

पहिल्या टोचणीला हाड लागलं. एकदा वळवली, पुन्हा हाड. मी कोपऱ्यात गप्प होते. तिनं वर सरकायच्या ऐवजी सुई बाहेर काढली आणि मागूनच विचारलं, "ताई, कळ आली का?" आली होती. ती जाऊ दिली. त्या मुलाला बाईचा डावा खांदा उतरवायला सांगितला, पुन्हा चाचपून पाहिलं आणि त्याच फटीत दुसऱ्यांदा घातली. थेंब आला.

नव्या फॉर्मवर मी दोन टोचण्या लिहिल्या, आणि शेवटच्या प्रश्नापुढे 'शेजारच्या खोलीत'. फॉर्मच्या तळाशी आता एक ओळ ओटीतल्या मदतनिसासाठी असते, सही ऐच्छिक. पहाटे मामांनी चष्मा लावून, सावकाश, गोल अक्षरात तिथे लिहिलं: "पाय टेकवले. कळ जाऊ दिली."